बारा बाय बारा

आमच्या इमारतीत कुणाच्या घरची लग्नपत्रिका आली की बाकीचे लोक मुलगा काय करतो, मुलगी कुठली, कार्यालय कोणतं हे बघतात. शरदकाका पत्रिका दोन बोटांत धरतात, किंचित वाकवतात, सोडतात आणि म्हणतात, "पाच बाय सात. तीनशे जीएसएम. कटिंग मात्र तिरकं गेलंय." मग चष्मा लावून मुलाचं नाव वाचतात. चौकात कुणाच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला तर हात जोडायच्या आधी त्यांच्या तोंडून निघतं, "चार बाय सहाच्या बॅनरवर पासपोर्ट फोटो आडवा ताणलाय रे. गेलेला माणूस चांगला सडपातळ होता."

काकांचा हा गुण (काकू त्याला वेगळा शब्द वापरतात) नोकरीतून आलेला. नाशिकला दिंडोरी रोडवर मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना आहे, तिथे ते आरेखक होते. काकांनी आयुष्यात एक धरण बांधलं नाही, पण कित्येक धरणांचे छेद काढले. टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं, ट्रेसिंग पेपर आणि चूक झालीच तर शाई खरवडून काढायला दाढीचं अर्धं ब्लेड. संध्याकाळी घरी येत तेव्हा शर्टाला अमोनिया प्रिंटचा वास. "लग्नानंतर वर्षभर मला वाटायचं, हे खत कारखान्यात जातात आणि मला सांगत नाहीत," असं काकू म्हणतात.

त्या खात्यात कागद हा पहिला निर्णय. धरण किती मोठं बांधायचं ते सरकार ठरवणार, पण ते किती मोठं दिसणार ते आरेखकाच्या हातात. ए-झिरो घ्यायचा, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर, की त्याचा निम्मा ए-वन? त्यावर स्केल ठरणार, स्केलवर अक्षर ठरणार, अक्षरावर साहेबांचा मूड ठरणार. शीट एकदा बोर्डावर चिकटवलं की मग मागे फिरणं नाही. या शिस्तीत जन्म काढलेला माणूस निवृत्त झाला आणि घरात मोजायला काही उरलं नाही. पहिले काही महिने त्यांनी काकूंच्या पोळ्यांचा व्यास बघितला. त्यावरून जे झालं ते इमारतीने ऐकलं.

अशा वेळी न्यू जर्सीतल्या त्यांच्या मुलीला मुलगा झाला. बारसं इकडे येऊन केलं. परत गेल्यावर तिने फोटो पाठवले आणि बरोबर एक भानगडही पाठवली, डिजिटल स्क्रॅपबुकचं किट. "बाबा, तुमचा हात रेषेवर बसलेला आहे. तुम्हीच याचा अल्बम करा. इकडे सगळे करतात."

तिकडे फोटो नुसता अल्बममध्ये खोचून भागत नाही. रंगीत कागदावर फोटो लावायचा, भोवती रिबीन, बटणं, कापडाचे तुकडे, हॉस्पिटलच्या हातपट्टीची चिठ्ठी, खाली दोन ओळी मजकूर. असं एकेक पान सजवायचं. पूर्वी हे डिंक-कात्रीने चालायचं. मार्क ट्वेनसारख्या लेखकाने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकाचं पेटंट घेतलं होतं. आता तेच कॉम्प्युटरवर करतात: कागद जेपेगमध्ये, रिबिनी आणि बटणं पारदर्शक पीएनजीमध्ये, आणि डिंक कुठेच नाही. मुलीने हौसेने फोनवर मार्क ट्वेनची गोष्ट सांगितली. काकांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "साइज काय ठेवली होती त्याने?"

किटमधली साइज होती बारा बाय बारा इंच. काकांना धक्का बसला तो तिथे.

चौरस कागद! त्यांनी हयातीत चौरस कागदावर रेघ मारली नव्हती. त्याच संध्याकाळी मला बोलावणं आलं. (मी कॉम्प्युटरवर काम करतो, म्हणजे कॉम्प्युटरशी संबंधित जगातली प्रत्येक गोष्ट मला माहीत असते, असं इमारतीचं मत आहे.) काकांनी टेबलावर एक कोरा ए-फोर ठेवला, मधोमध घडी घातली, नखाने दाबली आणि विचारलं, "हा काय झाला?"

"ए-फाइव्ह."

"आकार?"

"तोच. लहान झाला फक्त."

"तोच!" ते उभे राहिले. "लांबी-रुंदीचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाएवढं ठेवलं की कितीही वेळा दुमडा, आकार मोडत नाही. लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन माणसाने १७८६ साली हे एका पत्रात लिहून ठेवलंय. १९२२ साली पोर्स्टमनने त्याचं जर्मन स्टँडर्ड केलं. पुढे सगळ्या जगाने घेतलं. कोणी नाही घेतलं?"

"अमेरिकेने."

"अमेरिकेने! त्यांचा लेटर कागद आपल्या ए-फोरपेक्षा सहा मिलिमीटर रुंद आणि अठरा मिलिमीटर आखूड. त्याचं निम्मं करा, आकार गेला. आणि आता हा चौकोन. याची घडी घातली तर काय होतं? पट्टी! माझा नातू पट्टीवर?"

काकू आतून म्हणाल्या, "बारशाचे फोटो आहेत, बारा बाय बाराच असणार." काकांना विनोद कळतात, पण मिलिमीटरमध्ये असले तरच.

दोन-तीन दिवस ते चौरसावर रुसले होते. मग एका रात्री, घरात सगळे झोपायच्या तयारीत असताना, आमची बेल वाजली. दारात काका, हातात वही. "अरे, चौरस कापावा लागत नाही!" त्यांच्या लक्षात आलेली गोष्ट खरोखर चांगली होती. बारा बाय बाराचं पान आठ बाय आठवर छापा किंवा सहा बाय सहावर छापा, सगळं जसंच्या तसं लहान होतं, कडेला कुणाचा हात तुटत नाही. तेच पान ए-फोरवर छापायचं म्हटलं तर एक तर वर-खाली पांढरं सोडा, नाही तर डावी-उजवीकडची माणसं कापा. म्हणजे काम मोठ्यात करायचं, छापताना हवं तेवढं उतरवायचं. चौरस त्यांना पटला. पटला म्हणजे असा पटला की दुसऱ्या दिवशी ते मला ए-फोरचे दोष सांगत होते.

मग हिशेब. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. बारा गुणिले तीनशे, ३६००. पान झालं ३६०० बाय ३६०० पिक्सेल. "म्हणजे एक कोटी एकोणतीस लाख साठ हजार," काका म्हणाले, आणि हा आकडा त्यांनी काकूंना अशा आवाजात सांगितला की काकूंना वाटलं फंडाचे आले.

या तीनशेने घरातल्या नात्यांची फेरमांडणी झाली. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो आकसून येतो; लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतात. तीनशेने भागलं तर सव्वापाच इंच. त्याहून मोठा छापला की नाक-डोळे धुक्यात जायला लागतात. काकांनी सगळ्या पाहुण्यांना कळवलं की फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. ज्यांनी ऐकलं, त्यांची इभ्रत वाढली. एका दूरच्या आतेबहिणीने मूळ फाइल मेल केली, तर तिला पूर्ण पान मिळालं. ती बारशाला दहा मिनिटं येऊन गेली होती. विहीणबाई, म्हणजे बाळाची सख्खी आजी, ज्यांच्या मांडीवर बाळाचं नाव ठेवलं, त्या व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे सव्वापाच इंचात बसल्या. काकूंनी हरकत घेतली. काका म्हणाले, "यात माझं काही नाही, त्यांचे पिक्सेलच तेवढे आहेत." सोयऱ्यांबद्दल बोलताना आता त्यांच्या तोंडी हेच असतं: "जावयाचा भाऊ माणूस चांगला, पण सगळे फोटो बहात्तरचे."

मला विचाराल तर हातात धरून बघायच्या अल्बमला दोनशे-अडीचशेनेही काही बिघडत नाही. फरक कळायला भिंग लागतं. मी एकदा हे बोललो. काका काही बोलले नाहीत, उठून भिंग घेऊन आले.

पानं तयार होऊ लागली तशी जुनी नोकरी परत आली. किटमधल्या रिबिनीला, बटणाला सावली देता येते, म्हणजे ती वस्तू कागदावर खरोखर ठेवल्यासारखी दिसते. मुलीने नमुन्यादाखल एक पान करून पाठवलं होतं. काकांनी ते मोठं करून मला दाखवलं. "बटणाची सावली कुठे पडलीय?"

"उजवीकडे खाली."

"रिबिनीची?"

"डावीकडे."

"एका पानावर दोन सूर्य." त्यांनी चष्मा काढून पुसला. "उजेड डावीकडून, वरून, पंचेचाळीस अंशात. शिकाऊ पोरालासुद्धा पहिल्या महिन्यात सांगायचो आम्ही." मुलीला लगेच व्हिडिओ कॉल झाला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. तिथे तर एकही सूर्य नव्हता.

आणि प्रत्येक पानाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात, फुलापाखरांच्या गर्दीत, काकांनी चौकट आखली. नकाशाला असते तशी. वर विषय: 'चि. अद्वैत यास प्रथम पाळण्यात घालणे.' खाली प्रमाण, दिनांक, आरेखन क्रमांक 'बारसे/०७/सुधारित ४'. त्याखाली तीन रकाने: आरेखन, तपासणी, मंजुरी. आरेखनापुढे स्वतःची सही. तपासणीला काकूंची सही लागे. मंजुरीचा रकाना मुलीसाठी मोकळा सोडलेला. काकूंनी सातव्या पानावर सही करायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, या फोटोत माझा पदर नीट नाही. काकांनी तो शेरा म्हणून नोंदवला आणि पान 'सुधारित ५' झालं.

घरी छापून बघायला शाईच्या टाकीवाला ए-फोर प्रिंटर आला. त्याच्याशी काकांचं फार जमलं नाही. तो प्रत्येक वेळी 'फिट टू पेज' करून पान स्वतःच्या मर्जीने लहान करायचा आणि काका पट्टी लावून बघायचे. मर्जीने वागणारं दुसरं कोणी घरात असलेलं त्यांना चालत नाही. शिवाय शाई वाळू नये म्हणून आठवड्याला एखादं पान काढावंच लागे. त्यामुळे आमच्या इमारतीच्या पाणीपट्टीच्या नोटिसा सध्या रंगीत असतात.

खरं प्रकरण दुकानात घडलं. शालिमारकडे डिजिटल प्रिंटची दुकानं आहेत, त्यांपैकी एकात काका मला घेऊन गेले. काउंटरवर विशीतला पोरगा, एका कानात इअरफोन, समोर पत्रिका, प्रोजेक्ट, व्हिजिटिंग कार्ड घेऊन उभे असलेले आठ-दहा जण.

"बारा बाय बारा छापायचंय," काका म्हणाले.

"बारा-अठरा होतं काका."

"मला बारा-बारा हवंय."

"शीट तेरा-एकोणीसची येते. त्यात बारा-अठरा प्रिंट बसतं. तुमचं बारा-बारा छापून कापून देतो. पैसे पूर्ण शीटचे."

"आणि उरलेलं?"

"कसलं उरलेलं?"

"बारा बाय सहाची पट्टी उरते."

"ती जाते काका."

"कुठे जाते?"

पोराने इअरफोन काढला. एवढ्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्याने टेबलाखालच्या पोत्याकडे बोट दाखवलं. पोत्यात कापलेल्या पट्ट्या होत्या, चकचकीत, जाड, पांढऱ्या. काका वाकले, एक पट्टी उचलली, वाकवली, सोडली. "तीनशेचा आर्ट पेपर," ते म्हणाले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

त्या दिवशी काहीच छापलं नाही. घरी येताना काका रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. पंचवटी आली तेव्हा एकदम म्हणाले, "बारा बाय सहा म्हणजे सहा बाय सहाचे दोन!" आणि खरंच की. एका बारा-अठराच्या कागदावर बारा बाय बाराचं एक पान आणि सहा बाय सहाची दोन पानं तंतोतंत बसतात. काही म्हणजे काही वाया जात नाही. एक मोठा अल्बम छापला की त्याचेच दोन छोटे अल्बम फुकट. एक विहीणबाईंना, एक सोलापूरच्या आत्यांना. सव्वापाच इंचाचा सल बहुधा काकांच्याही मनात असावा.

अडचण अक्षरांची निघाली. बारा बाय बारावर बारा पॉइंटचा मजकूर चांगला वाचता येतो. पान निम्मं केलं की अक्षरही निम्मं, सहा पॉइंट. इंग्रजी एक वेळ तरून जातं. आपल्या लिपीत मात्रा, वेलांट्या, अनुस्वार वर-खाली लटकलेले, ते आधी बुडतात. नमुन्याच्या पानावर मोठ्यात होतं 'आत्याच्या मांडीवर'. छोट्यात अनुस्वार गेला आणि बाळ आत्याच्या माडीवर गेलं. सोलापूरच्या आत्यांकडे हे पाठवणं शक्य नव्हतं. मग मोठ्या पानावरच मजकूर अठरा पॉइंटचा केला, त्याला जागा करण्यासाठी फोटो सरकवले, फोटो सरकले म्हणून सावल्या सरकल्या. सगळी पानं 'सुधारित ६'.

नंतर रंग. बारशाला जावयांनी भगवा फेटा बांधला होता. स्क्रीनवर तो पेटल्यासारखा दिसायचा, छापल्यावर विटकरी आला. स्क्रीन उजेडाने रंग दाखवतो. छपाईचं मशीन चार रंगांच्या मिश्रणावर चालतं आणि झणझणीत केशरी, पोपटी, गडद निळा हे रंग त्या चारांत पुरते येत नाहीत. पोराने हे दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पिशवीतून प्रत्यक्ष फेटा घेऊन गेले. (जावयांनी तो भारतात येऊन घेतलेला होता, आणि जाताना सासुरवाडीला ठेवून गेले होते.) काउंटरवर फेटा उलगडला. रांगेतले लोक बाजूला झाले. एकाने मिरवणूक कधी आहे ते विचारलं.

"काका, कपड्यासारखा नाही येणार."

"ज्या नाशिकरोडला १९२८ पासून देशाच्या नोटा छापतात, त्या शहरात माझ्या जावयाचा फेटा छापून मिळत नाही?"

"मग तिकडेच द्या ना काका."

यावर काकांनी त्याला नोटेबद्दल ऐकवलं. पाचशेची ६६ बाय १५०, दोनशेची ६६ बाय १४६, शंभराची ६६ बाय १४२. किंमत उतरते तशी लांबी उतरते, उंची तीच. "याला म्हणतात साइजचा विचार." पोराने गल्ल्यातून पाचशे, दोनशे, शंभर काढून एकावर एक ठेवून बघितल्या. "आयला, खरंच," तो म्हणाला. त्या क्षणापासून तो काकांचा झाला. त्याने आपणहून सुचवलं की प्रेसऐवजी फोटो लॅबमध्ये फोटोच्याच कागदावर काढून बघा, तिथे फेटा जरा बरा येईल; आणि लग्नाच्या अल्बमला वापरतात तो न फाटणारा एनटी कागदही बघा.

नाशिककरांना सांगायला नको की दादासाहेब फाळके मूळचे त्र्यंबकेश्वरचे. त्यांनीही आधी छापखानाच काढला होता. भागीदाराशी बिनसलं, छपाई सोडली आणि सिनेमाकडे वळले. छपाईच्या धंद्यात माणसांचं नेमकं कशावरून बिनसतं, हे मला काकांबरोबर शालिमारला चार खेपा केल्यावर समजलं. सिनेमा सोपा असणार.

नमुने जमले. प्रेसचा मॅट लॅमिनेशनवाला, ग्लॉसीवाला, वेलवेटवाला, लॅबचा चकचकीत, लॅबचा रेशमी पोताचा, एनटी. प्रत्येकावर अद्वैतचा तोच फोटो, टाळूला तेल लावलेला, तोंड वासलेला. यांतला कोणता टिकतो हे बघायचं म्हणून काकांनी ते सगळे गच्चीवर उन्हात मांडले, आणि प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकला, म्हणजे उडालेला आणि न उडालेला रंग शेजारी-शेजारी दिसेल. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध. मे महिना होता, शेजारी काकूंचे उडदाचे पापड. पापडांच्या रांगा आणि त्यांच्याकडे अर्ध्या चेहऱ्याने बघणारे सहा अद्वैत. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलेली खालच्या मजल्यावरची सूनबाई घाईघाईने परत आली. घरात काही करणी वगैरे नाही ना, अशी विचारणा त्या रात्री झाली.

काकू या सगळ्यातून कधी-कधी कपाट उघडून आपल्या लग्नाचा अल्बम काढत. जाड काळी पानं, चार कोपऱ्यांना चिकटवलेले खोबणीचे त्रिकोण, दोन पानांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी असलेला बटर पेपर. "यात कुणी साइज विचारली होती? फोटोवाल्याने दिले, माझ्या भावाने चिकटवले. दुपारभरात."

"म्हणूनच अंतरपाटाचा वाकडा लागलाय," काका म्हणत.

"लग्न लागलं ना सरळ?"

इथे काका विषय बदलत आणि बांधणीबद्दल बोलू लागत. बांधणीचा प्रश्न खरोखरच नाजूक होता. समोरासमोरच्या दोन पानांवर मिळून एक मोठा ग्रुप फोटो घेतला की मधला माणूस घडीत जातो. साध्या बांधणीत तर त्याचा एक कान या पानावर, एक त्या पानावर, आणि नाक शिवणीत. पानं सपाट उघडणारी बांधणी घेतली तर नाक वाचतं, पण पानं जाड होतात आणि अल्बम पाटासारखा जड होतो. त्या ग्रुप फोटोत मधोमध काकूंचे मोठे दीर उभे होते. प्रत्येक घरच्या प्रत्येक फोटोत ते मधोमधच उभे असतात. काका कागदावर घडीची जागा सरकवून सरकवून दमले. काकूंनी चहाचा कप ठेवता-ठेवता एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "जाऊ देत भाऊजी शिवणीत. एवढ्या वर्षांत एक तरी फोटो बाकीच्यांचा निघेल." काकांनी तरीही सपाट बांधणीच घेतली. सख्खा भाऊ.

कापताना कडेचं काही जाऊ नये म्हणून मागचा रंगीत कागद चहूबाजूंनी तीन मिलिमीटर बाहेर वाढवायचा आणि माणसं कडेपासून आत ठेवायची, असा नियम आहे. काकांनी हा नियम असा मनावर घेतला की पहिल्या मसुद्यात सगळे नातेवाईक पानाच्या मध्यभागी दाटीवाटीने उभे आणि भोवती हातभर मोकळं मैदान, पूर आलेल्या गावातल्या देवळाच्या ओट्यासारखं. दुकानातल्या पोराने, जो आता काकांना रविवारी फोन करू लागला होता, त्यांना धीर दिला. "माझ्यावर सोडा काका. एक केस कापला जाणार नाही." मग माणसं थोडी पसरली.

अशी सगळी सिद्धता होईपर्यंत अद्वैतची मुंज ठरली.

मुंज नाशिकला, म्हणजे सगळे येणार, म्हणजे अल्बम दाखवायचा तर आताच. काकांनी एकदाचं मनावर दगड ठेवून ऑर्डर दिली. बारा बाय बारा, लॅबचा रेशमी कागद, मॅट लॅमिनेशन, सपाट बांधणी, कापडी कव्हर. पट्टीतले सहा बाय सहाचे दोन वेगळे. बारशाचा अल्बम मुंजीच्या आधी आठ दिवस घरी आला. इमारतीतले सगळे बघायला जमलो. काय सांगू, अल्बम सुंदर होता. एकूण एक सावली उजवीकडे पडलेली, दीर अखंड, फेटा भगव्याच्या अगदी जवळ. विहीणबाई सव्वापाच इंचातही ठसठशीत. काका कडेला पट्टी घेऊन उभे होते, पण त्यांनी ती लावली नाही.

मग काकूंनी अल्बम उचलला आणि दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये ठेवायला गेल्या. काच लागेना.

पानं बारा इंची, त्यावर कव्हर म्हणून सव्वाबारा. शोकेसची खोली बारा, त्यातून पाठीचा प्लाय आणि काचेची पट्टी वजा जाता आत सव्वाअकरा. घरातला कोणताच खण बाराच्या वर नव्हता. काकांनी सगळं मोजलं, कारण ही एक गोष्ट आजवर त्यांनी मोजली नव्हती. आठ बाय आठ केला असता तर सहज राहिला असता, हे मी मनात म्हणालो. काकूंनी मोठ्याने म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतार आला. त्याने काच काढली, टेप लावला, कानावरची पेन्सिल काढली. "बाराची खोली सगळीकडेच असते काका. प्लाय येतो आठ बाय चारचा. चार फुटात बाराच्या चार पट्ट्या बरोबर निघतात, वाया काही जात नाही."

काकांनी त्याच्याकडे नव्याने बघितलं. खुर्ची ओढून बसले. "आणि खोली चौदा केली तर?"

"चौदाच्या तीन निघतील. बेचाळीस. सहा इंचाची पट्टी उरेल, ती जाते."

काकू स्वयंपाकघराकडे वळल्या होत्या, त्या तशाच दारात थांबल्या. काकांनी वही उघडली.

"मिस्त्री," काकू म्हणाल्या, "आता जेवूनच जा."